पंधरा मिनिटं पाणी

कडावच्या बायकांच्या बचत गटाला भांडी घासायचा पातळ साबण करायला मी शिकवलं. शिकवलं हा शब्द जरा मोठा होईल. साजगावच्या बाजूला एका कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअरमध्ये कारकून होतो. तिथे साबण होत नसे, साबणाच्या पोटात जो माल लागतो तो होत असे. अ‍ॅसिड स्लरी म्हणतात त्याला. काकवीसारखा दाट, काळपट, नाकाला झोंबणारा. पिंपं भरून तो कुठे कुठे जाई: कापडाच्या गिरण्यांत, रंगाच्या कारखान्यांत, शेतात फवारायच्या औषधांत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे धुण्याच्या पावडरीत. प्रत्येक मालाबरोबर एक माहितीचा कागद येई. पदार्थ कशाला वापरतात, कसा ठेवावा, अंगावर उडाला तर काय करावं. ते कागद फायलीला लावणं एवढंच माझं काम होतं. वाचणं हे काम नव्हतं, पण मी ते वाचत असे. घरी पुस्तकं, तिथे ते कागद. बोलण्यापेक्षा वाचणं मला नेहमीच सोपं गेलं.

गटाच्या आनंदीबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. चार माणसांत उभं राहून बोलायची मला सवय नाही. आनंदीबाई म्हणाल्या, "सदूभाऊ, आमी बाया काय तुमाला खाणार हाव का? एक डाव या, सांगा, नि जा."

म्हणून मी गेलो. श्रावणातला बुधवार होता. आनंदीबाईंच्या पडवीत अकरा जणी बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे धोंडूवहिनी. त्यांचे यजमान नागू माझ्याबरोबर शाळेत होते, वारून आठ वर्षं झाली. वहिनींच्या मागे त्यांची सून हर्षला वही घेऊन बसली होती. ती बारावी शिकलेली, माहेर साजगावचं. तिचा नवरा कमलेश शेलूला नव्या इमारतींत वायरिंगची कामं करतो. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी, भाविका.

मी पाया पक्का करायचा म्हणून साबण मळ कसा काढतो तिथून सुरुवात केली. म्हणालो, साबणाच्या प्रत्येक बारीक कणाला दोन टोकं असतात. एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलाचं टोक ताटाच्या ओशटपणाला धरतं, पाण्याचं टोक त्याला ओढून नेतं.

"मंजे सूनच की," धोंडूवहिनी म्हणाल्या. "एक टोक सासरी, एक टोक माहेरी, नि मधे नुसती खेचाखेच."

मागून हर्षला म्हणाली, "मग सासू कोण वो आई? ओशट ताट?"

पडवी हसून हसून आडवी झाली. वहिनींनी वळून तिच्या मांडीवर चापट मारली आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या. मीही हसलो. माझ्या बोलण्यावर इतकी माणसं कधी खूश झाल्याचं मला आठवत नाही.

स्लरी आंबट असते, तिला कॉस्टिक सोड्याचं पाणी थोडं थोडं घालून मारायचं असतं, तेव्हा साबण होतो. ते कळावं म्हणून मी वहीच्या कागदाला हळदीचा लेप लावून वाळवून नेला होता. त्यावर कॉस्टिकच्या पाण्याचा थेंब टाकला. कागद रक्तासारखा लाल झाला. बायका पुढे सरकल्या. मग त्याच डागावर लिंबू पिळलं. डाग पुन्हा पिवळा.

"अगो बय!" कुणीतरी म्हणालं.

"आंबट आलं की कॉस्टिकचा जोर उतरतो," मी म्हणालो. "लिंबू, चिंच, ताक, कोकमाचं आगळ, काहीही. दोघं एकमेकांना मारतात."

"आगळानं पन?" धोंडूवहिनींनी विचारलं.

"आगळानंही."

त्यांनी मला तो डाग तीनदा करायला लावला. मग स्वतः केला. मग प्रत्येकीने केला. पिशवीत माझ्याकडे आणखी एक कागद होता. कारखान्यातल्या फायलीवरून उतरवून मराठीत लिहिलेला, मोठ्या अक्षरात: कॉस्टिक किंवा स्लरी डोळ्यात गेल्यास ताबडतोब स्वच्छ पाण्याने धुवा, निदान पंधरा मिनिटं, पापण्या उघड्या धरून, दुसरं काहीही घालू नका, धुतल्यावर दवाखान्यात न्या. तो शेवटी सांगायचा होता. पण डेअरीवर दूध घालायची वेळ झाली आणि बायका उठल्या. मी म्हणालो, राहिलेलं पुढच्या बुधवारी.

पुढच्या बुधवारी तिघी नव्या आल्या. आनंदीबाई म्हणाल्या, यांना ती हळदीची गंमत दाखवा. मी दाखवली. मला दाखवायचीच होती, हे इथे लिहिलं पाहिजे. त्या दिवशीही डेअरीची वेळ झाली. तिसऱ्या बुधवारी त्यांनी साबण करायला घेतला, आणि मला कुणी बोलावलं नाही. आपण होऊन कसं जायचं, असं वाटून मी गेलो नाही. कागद पिशवीतच राहिला.

गौरी-गणपती झाल्यावरच्या आठवड्यात ते घडलं. मी तिथे नव्हतो. आनंदीबाईंनी नंतर सांगितलं ते असं. कॉस्टिकची पिशवी उघडी राहून दमट हवेने आतल्या पापड्यांचा दगड झाला होता. धोंडूवहिनींनी तो फोडून बादलीतल्या पाण्यात टाकला. मोठा तुकडा पडला, पाणी उसळलं, उजव्या डोळ्यात गेलं. डोळ्यांना लावायचे दोन चष्मे गटाने आणले होते. वहिनींनी त्यातला एक कपाळावर चढवला होता, कारण वाफेने त्यातून दिसत नव्हतं.

हर्षला धावली. आनंदीबाईंच्या फळीवर आगळाची बाटली होती. ती तिने वहिनींच्या डोळ्यात ओतली. आगळात मीठ किती असतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वहिनींची किंकाळी डेअरीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. तरी तिने दोनदा ओतलं. मग रिक्षा मिळेपर्यंत ओला पदर धरून बसवलं. कर्जतच्या डॉक्टरांनी डोळा धुतला तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. त्यांनी पुढे पनवेलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कमलेशला विचारलं, "डोळ्यात काय घातलं? आगळ? कुणी घातलं? अहो, पहिल्या पाच मिनिटांत नुसतं नळाखाली धरलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं."

ते वाक्य गावात आलं. बुबुळ पांढरं पडलं, डोळा गेला, आणि तो सुनेने घालवला. कुणी म्हणालं अडाणीपणा, कुणी त्याहून वाईट बोललं. कमलेशने बायकोला साजगावला पोचवलं आणि पोरीला ठेवून घेतलं. शाळा बुडेल म्हणाला.

मी हे सगळं ऐकलं. हर्षलाने आगळ का घातलं ते सगळ्या कडावात मला एकट्याला माहीत होतं. पडवीतल्या बायकांनाही आठवायला हवं होतं, पण त्यांना हळदीचा रंग आठवत होता, माझं वाक्य आठवत नव्हतं. निदान तसं कुणी बोललं नाही.

दसऱ्याच्या आधी मी सफरचंदं घेऊन वहिनींकडे गेलो. त्या ओसरीत बसल्या होत्या, डोळ्यावर हिरवा कपडा. कमलेश घरात होता. मी भाताचं विचारलं. लोंब्या भरल्यात म्हणाल्या. मी चहा घेऊन परत आलो. दिवाळीला पुन्हा गेलो. त्या वेळी भाविका माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझी आई कधी येनार तुमाला ठावं हाय का?" मी म्हणालो, "येईल हं." आणि परत आलो. वाटेत पुलाजवळ थांबून मी मनात सगळं वाक्य जुळवलं, अगदी पहिल्या शब्दापासून. घरी येईपर्यंत ते पुन्हा विस्कटलं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा भाताच्या झोडण्या चालू होत्या. वहिनी अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मान एका बाजूला वळवून, उरलेल्या डोळ्याने खडे शोधत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा भाताचंच बोललो असतो.

"वहिनी," मी म्हणालो, "आगळ मी सांगितलं होतं. हर्षलाची चूक नाही. डोळ्यात गेलं तर पाणी घालायचं, तो कागद माझ्याकडे होता. मी तो वाचून दाखवला नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "मीच वरडले ना तिला, आगळ आन म्हनून. तुमचं शिकवलेलं मीच पक्कं धरलं होतं."

मी म्हणालो, "मग कमलेशला..."

"सांगितलं. तीनदा सांगितलं. तो म्हंतो, तू तिला वाचवतेस. म्हंतो, त्या टायमाला तुला सुद तरी होती का."

"माझं नाव सांगितलंत?"

"नाय." त्यांनी एक खडा काढून टाकला. "तुमी बोलनारं मानूस नाय, सदूभाऊ. गावानं तुमचं नाव घेतलं असतं, तर तुमी घराभायेर पडला नसता. आमच्या ह्यांचे दोस्त तुमी. मला वाटलं, मी सांगीन नि पोर ऐकंल. नाय ऐकलं."

मी तिथेच पायरीवर बसलो. सूप आपटल्याचा आवाज होत राहिला.

थोड्या वेळाने कमलेश मोटारसायकलवरून आला. वहिनींनी त्याला उभ्या उभ्याच सांगितलं, "ये इकडं. ह्ये सदूकाका बघ काय सांगतात. आगळाचं ह्यांनीच शिकवलं होतं."

कमलेश माझ्याकडे वळला. त्याच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं होतं. चेहरा दमलेला होता, रागीट नव्हता. "खरं का काका?"

आता सांगायचं होतं. सगळं वाक्य तयार होतं, आत्ताच एकदा तोंडातून गेलेलं होतं. मी म्हणालो, "हो, म्हणजे... तसं मी सर्वसाधारण सांगितलं होतं. रसायनाच्या दृष्टीनं. डोळ्याचं असं वेगळं नाही..."

"बघ," कमलेश आईला म्हणाला. "काय बी झालं की म्हाताऱ्या मानसाला मधी आनायचं. काका, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी साबन शिकवलात, डोळ्यात आगळ घाला असं कोन शिकवल? बारावी झालीया ती. तिला कळाया नको?"

तो पायावर पाणी घ्यायला मागे गेला. मी मान खाली घालून बसलो होतो. मला वाटतं वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी वर पाहिलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "रयवारी साजगावला चला माझ्यासंगं. वाट तुमाला ठावं हाय. मला एकटीला आता एसटीची पायरी उमगत नाय."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. कमलेशला रविवारीही काम होतं, तो आधीच गेला होता. भाविकाचा हात वहिनींच्या हातात होता आणि माझ्या हातात एक फुगलेली पिशवी. तिच्यात पोरीचे सगळे कपडे आणि दप्तर होतं. मी काही विचारलं नाही. कर्जतला एसटी बदलली. एकतीस वर्षं ज्या रस्त्याने गेलो त्या रस्त्याने गेलो.

हर्षलाचं माहेर कारखान्याच्या कुंपणाच्या पलीकडच्या आळीत आहे. ती दारातच भेटली. निळा कोट अंगात होता, कारण दुपारपाळीला निघायची होती. तिथल्या एका पावडरीच्या कारखान्यात ती पाकिटं भरायच्या कामाला लागली होती. भाविकाने तिला पाहिलं आणि आजीचा हात सोडून पळाली. हर्षलाने तिला उचललं.

मग आम्ही आत बसलो. मी सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. कागद, हळद, डेअरीची वेळ, सगळं.

"काका, मी तांब्या घेतला होता हातात," हर्षला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला फक्त घडलं ते सांगत होती. "पान्याचा. शाळेत आमाला शिकवलं होतं, काय बी उडालं की पानी. आई वरडल्या, पानी नको गं, सदूभाऊंनी सांगितलंय, आगळ आन. मला वाटलं, तुमी एवढी वर्षं कारखान्यात. मी फक्त बारावी. तांब्या खाली ठेवला मी."

"हे तू कमलेशला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी इचारलंच नाय. एकदा बी नाय इचारलं, हर्षला, काय झालं होतं म्हनून. डॉक्टरचं ऐकलं नि गाडीत बसवलं मला." ती पोरीच्या केसांतून बोटं फिरवत होती. "इचारलं असतं तर सांगितलं असतं. आपन होऊन काय सांगायचं? आईंचा डोळा गेलेला. माझ्या हातानंच गेला ना?"

वहिनी म्हणाल्या, "चल गं घरी."

"ते आले न्यायला तर येईन."

"त्यो नाय यायचा. माझाच पोर हाय, मला ठावं हाय. बापावानी हाय, एकदा अडून बसला की बसला."

"मग नाय."

वहिनींनी मान हलवली. जणू याच उत्तरासाठी त्या आल्या होत्या. त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली आणि हर्षलाच्या पायाशी ठेवली. "हिची कापडं हायती. दप्तर बी. इथल्या शाळेत नाव घाल. कागद लागला तर सदूभाऊ आनून देतील."

हर्षलाला पिशवी आधी कळलीच नाही. मग कळली. "आई, तुमी एकट्या काय कराल? हिच्याबिगर तुमाला जेवन जात नाय."

"जाईल."

"तुमी पन रावा ना इथं. माझ्या आईला काय जड नाय."

"नि त्याला भाकर कोन दील?" वहिनी उठल्या. दाराच्या चौकटीला हात लावून त्यांनी उंबरा चाचपला आणि पाय टाकला. भाविकाला त्यांनी जवळ घेतलं नाही. मागून ती ओरडली, "आजी, तू संध्याकाळी ये!" वहिनी म्हणाल्या, "हा," आणि चालत राहिल्या.

हर्षला फाटकापर्यंत आली. तिला कामावर जायला उशीर होत होता. सासूच्या पाया पडली, मग माझ्याही पडायला वाकली. मी मागे सरकलो. तिने ते पाहिलं आणि सरळ उभी राहिली. त्याचा अर्थ तिने काय घेतला असेल, मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांचा गेलेला डोळा माझ्या बाजूला होता. पळसदरीच्या आसपास त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला.

"हा. साजगावला गेले होते... ठेवली. तिच्या आयेपाशी... मीच ठेवली, कुनी सांगितलं नाय मला." पलीकडून कमलेशचा आवाज इतका चढला की मला शब्द ऐकू येऊ लागले. माझी पोर, तो म्हणत होता. मला न इचारता. वहिनींनी फोन कानापासून दूर धरला. मग मान पूर्ण वळवून, चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्यापुढे केला.

"तुमी बोला," त्या म्हणाल्या.

मी फोन घेतला. "कमलेश," मी म्हणालो, "मी सदूकाका बोलतोय. त्या दिवशी अंगणात मी तुला अर्धंच सांगितलं." आणि मग मी सांगितलं. मी हळदीचा कागद नेला होता. कॉस्टिकचा जोर आंबटानं उतरतो असं मी म्हणालो, आगळ हा शब्दही मीच घेतला. तुझ्या आईने विचारलं आणि मी हो म्हणालो. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाणी, दुसरं काही नाही, हे मला एकतीस वर्षं माहीत होतं. ते सांगायला मला दोन बुधवार मिळाले आणि दोन्ही दिवस मी हळदीची गंमत दाखवत बसलो. तुझ्या बायकोने पाण्याचा तांब्या हातात घेतला होता, तो तिने माझ्या शब्दाखातर खाली ठेवला. डोळा तिने नाही घालवला.

पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघू लागला. माझा आवाज बहुधा मोठा झाला होता.

पलीकडून काहीच येत नव्हतं. मी फोन कानापासून काढून पाहिला. पडदा काळा होता. कमलेशने फोन केव्हा ठेवला, माझ्या पहिल्या वाक्याला की शेवटच्या, मला कळायला मार्ग नव्हता. वहिनी अजून माझ्याकडे बघत होत्या. मी तो बंद फोनच पुन्हा कानाला लावला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.